‘ऐका’ या आज्ञार्थाचे पुढे काय झाले? : हंसा वाडकर यांचे आत्मकथन आणि त्याची रूपांतरे

हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मकथनाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात ‘प्रांजळ कबुली’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. मद्यपान, विसकटलेला संसार, विवाहबाह्य संबंध यांचा इतका निःसंकोच उच्चार तत्पूर्वीच्या स्त्री-आत्मचरित्रांत क्वचितच झाला होता, हे खरे आहे. परंतु कबुली ही न्यायासनासमोर द्यावयाची असते, आणि ती देणाऱ्याने निवाडा स्वीकारण्याची तयारी आधीच ठेवलेली असते. या पुस्तकाचे शीर्षक तसे काही सुचवीत नाही. ते बोर्डावर उभ्या असलेल्या, समोरच्या बैठकीवर हुकमत असलेल्या स्त्रीचे शब्द आहेत.

शीर्षकाचे व्याकरण थोडे उकलून पाहण्यासारखे आहे. ‘सांगत्ये’ हे ‘सांगते आहे’चे बोलीतील आकुंचित रूप. ‘मी’ हे सर्वनाम उच्चारलेच जात नाही. बोलणारी स्त्री आहे हे क्रियापदावरूनच कळते. ‘ऐका’ हा अनेकवचनी आज्ञार्थ. म्हणजे क्रियेचा आरंभ सांगणारीकडे, आणि ऐकणाऱ्यांनी गप्प बसावे ही अपेक्षाही तिचीच. हे शीर्षक अर्थात पुस्तकाआधीचे आहे. अनंत माने यांचा याच नावाचा तमाशाप्रधान चित्रपट १९५९ साली आला, पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला, आणि जयश्री गडकर यांच्याबरोबर हंसाबाईंचीही त्यात महत्त्वाची भूमिका होती. गाजलेल्या बोलपटाचे नाव पुस्तकाला देण्यात व्यावसायिक हिशेब असेलही. पण त्यामुळे जे घडले ते हिशेबापलीकडचे आहे. नटीने आपले आयुष्य सांगताना आपल्या कलेतील संबोधनाची रीतच निवेदनासाठी उचलली.

ही रीत तिच्या अंगवळणी कशी पडली, हे कारकिर्दीकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. १९२३ साली जन्मलेल्या हंसाबाई १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’मधून पडद्यावर आल्या, म्हणजे तेरा वर्षांच्या वयात घरच्या मिळकतीचा भार उचलू लागल्या. १९३९ मध्ये बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’ हा हिंदी चित्रपट, १९४१ मध्ये प्रभातचा ‘संत सखू’, १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ आणि १९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’. सखू आणि लावणी गाणारी बया : मराठी चित्रपटाने स्त्रीसाठी आखून ठेवलेली ही दोन टोके सहा वर्षांच्या अंतराने एकाच अभिनेत्रीने पेलली. (सखूच्या कथेत बांधून घातलेल्या भक्तिणीच्या जागी विठ्ठल स्वतः बांधून घेतो. मराठवाड्यातील एका खेड्यात, एका जमीनदाराच्या वाड्यात अडकून पडल्याचा भाग आत्मकथनात वाचताना ही कथा आठवल्यावाचून राहत नाही.)

पुस्तकाचे शब्दांकन अरुण साधू यांचे. ‘माणूस’मधून ते प्रथम प्रसिद्ध झाले. साधूंनी प्रश्न विचारले असणारच, पण संहितेत प्रश्नकर्ता म्हणून ते दिसत नाहीत. सलग वाहते ते हंसाबाईंचे बोलणे. मौखिक कथनाचा लेखनात प्रवेश होताना शब्दांकनकाराचा हात किती आणि सांगणारीचा आवाज किती, हा प्रश्न दलित आत्मकथनांच्या इंग्रजी अनुवादांबाबत जितक्या दक्षतेने विचारला गेला, तितक्या दक्षतेने या पुस्तकाबाबत विचारला गेलेला नाही. सिनेनटीच्या पुस्तकाकडे वाङ्मयाभ्यासक काहीसे वरूनच पाहतात, हे त्याचे एक कारण असावे.

श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ने (१९७७) हे आयुष्य हिंदीत नेले. सत्यदेव दुबे आणि गिरीश कर्नाड यांचाही पटकथेत सहभाग होता. पटकथेला आणि स्मिता पाटील यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चित्रपट श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. भूतकाळासाठी कृष्णधवल आणि वर्तमानासाठी रंगीत अशी गोविंद निहलानी यांच्या छायाचित्रणाची योजना आठवणीचा पोतच बदलून टाकते. पण शीर्षकापासूनच केंद्र हलले आहे. ‘भूमिका’ हे नाम आहे; त्यात कोणी बोलत नाही आणि कोणाला ऐकायला सांगत नाही. उषाचा भूतकाळ आपल्याला दिसतो, ती तो सांगत नाही. स्मिता पाटील यांचा चेहरा जे मौनातून व्यक्त करतो, तेच मूळ संहितेत एक बोलकी, प्रसंगी विनोदी बाई मोठ्याने सांगत होती. दुःखाची खोली वाढली, हुकमत गेली.

इंग्रजी अनुवाद जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांचा. त्याचे नाव ‘यू आस्क, आय टेल’. येथे क्रमच उलटला : प्रथम तुमचे विचारणे, मग माझे सांगणे. अनुवादकांच्या बाजूने असे म्हणता येईल की मराठी पुस्तकाने झाकलेला प्रश्नकर्ता त्यांनी उजेडात आणला. ते प्रामाणिकही आहे. मात्र क्रियापदातील स्त्रीत्व इंग्रजीत टिकणे शक्यच नव्हते, आणि आज्ञार्थ जाऊन त्याच्या जागी उत्तर आले. शांता गोखले यांनी ‘मी, दुर्गा खोटे’चे ‘आय, दुर्गा खोटे’ केले तेव्हा असा पेच उद्भवला नाही. प्रतिष्ठित घराण्यातील, महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या दुर्गाबाईंच्या ‘मी’ला कोणत्याही भाषेत समर्थनाची गरज नव्हती.

हंसाबाईंची खरी तुलना करावयाची ती बंगाली रंगभूमीवरील बिनोदिनी दासी यांच्याशी. त्यांचे ‘आमार कथा’ १९१२ मधले. त्यांनी ते स्वतः लिहिले, तेही नाट्यगुरू गिरीशचंद्र घोष यांना उद्देशून. श्रोता एकच आणि वडीलधारा, त्यामुळे स्वर आर्जवाचा. हंसाबाईंनी लेखणी दुसऱ्याच्या हाती दिली, पण आर्जव केले नाही. लेखणी कोणाच्या हाती होती एवढ्यावरून स्त्रीच्या आत्मकथनातील कर्तृत्व मोजणाऱ्या अभ्यासकाला या दोन संहिता शेजारी ठेवल्यावर आपली मोजपट्टी तपासून पाहावी लागते.