ब्रुगेलच्या ऋतुचित्रांतील ग्रामजीवन : निसर्ग, श्रम आणि मौन

सोळाव्या शतकात अँटवर्प हे युरोपातील व्यापाराचे एक प्रमुख केंद्र होते. याच नगरात निसर्गचित्राला स्वतंत्र चित्रप्रकाराचे स्थान मिळू लागले. योआकिम पाटिनीर (मृत्यू १५२४) याने उंचावरून पाहिलेला विस्तीर्ण भूप्रदेश चित्रात आणला. तथापि धार्मिक कथेचे निमित्त त्याने सोडले नाही. थोरला पीटर ब्रुगेल (मृत्यू १५६९) याच्या १५६५ मधील ऋतुचित्रमालिकेत हे निमित्तही गळून पडले. वर्षचक्र आणि त्याच्याशी बांधलेले ग्रामीण श्रम हाच या मालिकेचा विषय होय. तिच्यातील पाच चित्रे आज उपलब्ध असून तीन व्हिएन्नात आणि प्राग व न्यूयॉर्क येथे प्रत्येकी एक आहे.

‘बर्फातील शिकारी’ या चित्रात तीन शिकारी पाठमोरे परतत आहेत. कुत्र्यांचा मोठा कळप सोबत असूनही हाती लागला आहे तो एकच कोल्हा. खाली गोठलेल्या तळ्यांवर मात्र माणसे खेळण्यात रमलेली आहेत. दूरवरची टोकदार शिखरे फ्लेमिश सपाट प्रदेशात आढळत नाहीत. त्यामागे चित्रकाराचा आल्प्सचा प्रवास आहे. म्हणजेच हे एखाद्या खेड्याचे यथातथ्य चित्रण नसून विचारपूर्वक केलेली रचना आहे. येथील निसर्ग माणसावर कोपत नाही, त्याला कुरवाळतही नाही. तो जगण्याच्या अटी ठरवतो.

‘पीक कापणारे’ या चित्रात काही जण कापणी करीत आहेत, काही झाडाखाली जेवत आहेत, तर एक जण पाय पसरून गाढ झोपला आहे. ही झोप विनोदासाठी रंगविलेली नाही. ती थकव्याची नोंद आहे. उभ्या पिकापलीकडे दृष्टी गेली की दूर पाण्यावर जहाजे दिसतात. शेत आणि बंदर एकाच दृश्यात आल्यामुळे हे खेडे जगापासून तुटलेले वाटत नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ही मालिका निकोलास योंगेलिंक या अँटवर्पच्या धनिक व्यापाऱ्याच्या संग्रही होती. तिच्यात घाम आहे, थंडी आहे. परंतु खंड मागणारा जमीनदार किंवा कर घेणारा अधिकारी ठळकपणे कोठेही दिसत नाही. हे चित्रकाराचे अज्ञान म्हणता येणार नाही. १५६६ मधील ‘बेथलेहेम येथील शिरगणती’ या चित्रात त्याने बायबलमधील प्रसंग बर्फाच्छादित फ्लेमिश खेड्यात घडविला. तेथे नोंदणीसाठी दाटलेली गर्दी आहे आणि भिंतीवर हॅब्सबर्ग राजघराण्याचे चिन्हही आहे. ज्या धर्मकथेपासून निसर्गचित्र मुक्त झाले, तिच्याच आडोशाने सत्तेचे दर्शन घडावे, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

‘शेतकऱ्यांचा चित्रकार’ ही ब्रुगेलची रूढ प्रतिमा त्यामुळे अपुरी ठरते. त्याने श्रमाला निसर्गाइतकीच प्रतिष्ठा दिली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या श्रमाचे फळ कोणाकडे जाते, याविषयी ऋतुचित्रे मौन पाळतात. या मालिकेचे मूल्यमापन करताना तिचे सौंदर्य आणि तिचे मौन या दोहोंचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते. सौंदर्याने भारावून मौनाकडे दुर्लक्ष करणे जितके एकांगी, तितकेच मौनावर बोट ठेवून त्या झोपलेल्या माणसाचा थकवा नाकारणेही एकांगी होय.