सेटरमध्ये आधी कॉपी, मग रिलीज

ऑब्जेक्टिव्ह-सीच्या नोट्समध्ये सेटर पुष्कळदा असा दिसतो: जुन्या व्हॅल्यूला रिलीज करा, नव्या व्हॅल्यूची कॉपी ठेवा. दोनच ओळी, पण त्यांचा क्रम चुकलाय.

समजा, नवी व्हॅल्यू म्हणून तोच जुना ऑब्जेक्ट परत आला आणि तो दुसऱ्या कुणी रिटेन केलेला नाही. रिलीज होताच काउंट शून्य, मेमरी गेली. मग कॉपी कशाची करणार? प्रोग्राम कधी क्रॅश होतो, कधी नाही. उपाय साधा: आधी कॉपी, मग जुन्याला रिलीज, शेवटी नवा पॉइंटर.

कॉपीऐवजी रिटेन पुरतं, असंही काही जण सांगतात. करून बघा. परभणी जिल्ह्याच्या 9 तालुक्यांचा पाऊस साठवताय. एकाच एनएसम्युटेबलस्ट्रिंगमध्ये परभणी, सेलू, जिंतूर अशी नावं बदलत सेटरला देताय. रिटेन केलंत तर शेवटी सगळ्या ऑब्जेक्टचं नाव एकच! पावसाचे आकडे बरोबर, तालुका चूक, आणि एररही नाही. संशोधनात अशी गप्प चूक क्रॅशपेक्षा महाग पडते.

2011 मध्ये एआरसी, म्हणजे ऑटोमॅटिक रेफरन्स काउंटिंग आलं आणि हातानं रिलीज लिहिणं संपलं. म्हणून हे शिकायचंच नाही, हे मला पटत नाही. प्रॉपर्टीला स्ट्राँग लावायचं की कॉपी, हे आजही तुम्हालाच ठरवावं लागतं. कॉपी जड पडेल ही भीतीही नको. न बदलणाऱ्या एनएसस्ट्रिंगची कॉपी मागितली तर सहसा तोच ऑब्जेक्ट रिटेन होऊन मिळतो.

कुठलाही सेटर वाचताना दोन प्रश्न विचारा: तोच ऑब्जेक्ट परत आला तर? आणि देणाऱ्यानं तो नंतर बदलला तर?