मेडूसाची कलारूपे
ग्रीक पुराणकथांतील तीन गॉर्गन भगिनींपैकी मेडूसा ही एकटीच मर्त्य. तिच्याकडे पाहणारा दगड होई; पर्सियसने तिचा शिरच्छेद केला. कॉर्फू येथील आर्टेमिस-मंदिराच्या दर्शनी त्रिकोणावरील मेडूसा (इ. स. पू. सु. ५८०) विस्फारित डोळ्यांची, जीभ बाहेर काढलेली व कमरेस सर्प वेढलेली अशी आहे. भय हेच तिचे रूप आणि अशुभनिवारण हे कार्य. पुढे पिंडरने तिला सुंदर गालांची म्हटले. ऑव्हिडने मेटॅमॉर्फसिसमध्ये ती नेपच्यूनच्या अत्याचारास बळी पडलेली आणि तरीही मिनर्व्हाकडून सर्पकेशांची शिक्षा भोगणारी स्त्री केली. ही पुनर्कल्पना सर्वांत मूलगामी होय. कारण राक्षसी कोणी घडविली, हा प्रश्न तिच्यातून उभा राहतो.

चेल्लीनीच्या ब्राँझशिल्पाने (१५४५–५४) पुन्हा वधकर्त्याचाच गौरव केला. काराव्हाद्‌जोने ढालीवर रंगविलेल्या मस्तकात (सु. १५९७) मात्र मरणाऱ्या जिवाची किंकाळी आहे. ल्यूचानो गार्बाती याच्या २००८ मधील शिल्पात पर्सियसचे मस्तक हाती घेतलेली मेडूसा उभी आहे. ते २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर काही काळ मांडले गेले, तेव्हा बरीच चर्चा झाली. चेल्लीनीच्या रचनेला दिलेले हे उत्तर प्रभावी असले, तरी अपुरे वाटते. अत्याचार पर्सियसने केलेला नव्हता. भूमिकांच्या अदलाबदलीत मूळ अपराधी देव व शाप देणारी देवी दोघेही सुटतात. शिवाय सुडौल, आदर्श देहात तिची भीषणताही मावळते. ऑव्हिडचा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहतो.