खडीच्या वाटेचे वाङ्मय

सायकलवरून केलेल्या प्रवासाची वर्णने आता मराठीत नवलाईची राहिली नाहीत. त्यांतच अलीकडे एक निराळी शाखा फुटली आहे. डांबरी सडक बुद्ध्या टाळावयाची, खडीच्या, मुरुमाच्या आणि दगडगोट्यांच्या वाटेने सायकल हाकावयाची, आणि साधल्यास त्यासाठी भूमध्य समुद्रातील एखादे डोंगराळ बेट गाठावयाचे, असा हा छंद आहे. त्यास ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. पाश्चात्य देशांत त्याने चांगलेच मूळ धरले असून २०२२ साली इटलीतील व्हेनेतो प्रांतात त्याची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. छंदाविषयी आमची तक्रार नाही. त्यातून जे लेखन निर्माण होते, त्याविषयी मात्र चार शब्द लिहिणे अवश्य वाटते.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, खडीवरची सायकल ही काही नवी गोष्ट नव्हे. नवा आहे तो डांबराचा कंटाळा. टॉमस स्टीव्हन्स हा १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, तेव्हा डनलॉपचे हवेचे टायरदेखील निघावयाचे होते. ते १८८८ साली निघाले. मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३ साली सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा या तिघांनीच तो पुरा केला, आणि १९२८ साली परतल्यावर १९३१ मध्ये आपला वृत्तान्त इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आयर्लंडची डर्व्हला मर्फी १९६३ साली एकटी सायकलवरून हिंदुस्थानास आली. पुढील वाटा ध्यानात घेऊन तिने निघण्यापूर्वीच सायकलीचे गिअर काढून टाकविले होते. या मंडळींना खराब रस्ता शोधावा लागला नाही. तो त्यांच्या पुढ्यात होताच. आजचे अन्न आणि रात्रीचा निवारा मिळणार की नाही, हे तो रस्ता आणि रस्त्यावरची माणसे ठरवीत. म्हणून या प्रवाशांच्या हकिगतींत रस्त्याला आणि माणसाला जे वजन आहे, ते मुद्दाम आणलेले नाही.

आता आजची वर्णने पाहावी. क्रीट बेटाचे उदाहरण घेऊ. तेथील सिलोरितिस म्हणजे प्राचीनांचा इडा पर्वत. त्याची उंची २,४५६ मीटर. त्याच्या अंगावर निदा नावाचे पठार आहे, आणि त्याच्या काठी ती गुहा आहे, जिच्यात बाळ झ्यूस वाढला अशी ग्रीकांची कथा आहे. या डोंगरावर मेंढपाळांनी चुन्यावाचून, नुसते दगडावर दगड रचून बांधलेल्या घुमटीसारख्या झोपड्या आढळतात. त्यांना तेथे मितातो म्हणतात. मेंढपाळांनी त्यांत राहावे, दूध आटवावे आणि चीज करावे, असा परिपाठ. डोंगरावर चढणाऱ्या अनेक खडीच्या वाटा या कळपांसाठीच आहेत. अशा वाटेने जाऊन आलेला लेखक आपणांस काय सांगतो? एकूण चढ किती मीटर झाला, टायर किती मिलिमीटर रुंद होता, त्यात हवा किती भरली होती, आणि शेवटी सूर्यास्त कसा अवर्णनीय होता. मेंढपाळ आलाच तर छायाचित्रापुरता येतो. ही वाट कोणी केली, कशासाठी केली, तिच्यावरून खाली काय उतरते आणि वर काय चढते, याची पृच्छा नाही.

कोणी म्हणेल, प्रवाशाने सौंदर्य पाहावे; त्याने भूगोल कशास लिहावा? या आक्षेपास तथ्य आहे, परंतु ते सर्व रस्त्यांना सारखे लागू पडत नाही. मायोर्का बेटात सा कालोब्रा नावाची एक अद्भुत सडक आहे. अंतोनियो पारिएत्ती या स्थापत्यविशारदाच्या आखणीप्रमाणे ती १९३० च्या सुमारास बांधली गेली. डोंगरावरून समुद्राकडे वेढे घेत उतरताना एके ठिकाणी ती स्वतःच्याच पोटाखालून जाते. ही सडक प्रवाशांनी यावे आणि पाहावे म्हणूनच बांधलेली आहे. तिचे वर्णन करताना नेत्रसुखापाशी थांबले तर तिच्यावर अन्याय होत नाही. खडीची वाट मात्र कोणाच्या नेत्रसुखासाठी झालेली नसते. ती कोणाच्या तरी गरजेची असते, आणि पुष्कळदा ती खडीचीच राहिली याचे कारण त्या गरजवंताचे म्हणणे कोणी ऐकले नाही, हे असते. हे वगळून केलेले तिचे वर्णन अपुरेच नव्हे, तर खोटे ठरते.

हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही बीड जिल्ह्यातील तेलगावहून धारूरकडे सायकलने निघालो होतो. तेलगावच्या आसपास काळी जमीन, उसाचे फड आणि साखर कारखाना. धारूरच्या बाजूस बालाघाटाची रांग, तिचा अरुंद वळणावळणाचा घाट, आणि वर धारूरचा जुना किल्ला. परदेशी बेटांची वर्णने वाचून आम्हांसही हुरूप आला होता. म्हणून घाटाच्या अलीकडे सडक सोडून आम्ही एका गाडीवाटेस लागलो. चाक मुरुमात रुतू लागले, तेव्हा खाली उतरून सायकल ढकलीत एका वस्तीपाशी आलो. दहा-बारा घरे, बहुतेकांना कुलपे. कुत्रेही भुंकले नाही. आम्ही दगडावर बसलो आणि टिपणवहीत लिहिले : ‘येथील निर्जन शांतता मनास फार सुखविते.’

इतक्यात शाळेच्या गणवेशातील एक मुलगी सायकलवरून आली. वाटेतला ओढ्याचा खड्डा तिने सायकल खांद्याला लावून सहज ओलांडला आणि आम्हांस पाहून म्हणाली, “काका, वाट चुकलात का? सडक तिकडं राहिली.”

आम्ही म्हणालो, “नाही, बाळ. मुद्दामच इकडून आलो.”

“कामून?” तिने विचारले. त्यात थट्टा नव्हती. तिला खरोखरच कळले नव्हते. आम्हांस उत्तर सुचले नाही, म्हणून आम्ही उलट विचारले की, वस्तीतली माणसे कोठे गेली?

“समदे कारखान्याला गेलेत. मी आजीपाशी असते.” जाता जाता ती आपणहून म्हणाली, “पाऊस झाला की ही वाट नसती. मंग शाळा बुडती.”

या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात, आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. वर्तमानपत्रांतून ते आम्ही कैक वेळा वाचले होते. तरीही दाराची कुलपे डोळ्यांसमोर असता आमच्या लेखणीने ‘शांतता’ हाच शब्द उतरविला. कारण तो शब्द आम्ही घरूनच, इतरांच्या पुस्तकांतून, बरोबर नेला होता.

यावरून हा छंदच श्रीमंती चाळा म्हणून निकालात काढावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. स्वेच्छेने पत्करलेले कष्ट आपल्याकडे परके नाहीत. पंढरीचा वारकरी गाडीची सोय असताना पायीच चालतो, आणि त्यास कोणी ढोंगी म्हणत नाही. पण वारकरी वाटेत भेटणाऱ्याच्या पाया पडतो, त्याच्या ओसरीवर उतरतो, त्याची भाकरी खातो. त्याच्या चालण्यात वाटेवरचा माणूस असतोच. मागे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला, तो अद्याप वाचला जातो. त्यात मैलांचा हिशेब थोडा आणि माणसांचा फार आहे. असा वारसा असताना आमच्या सायकलस्वार लेखकांनी परक्यांचे आकडे आणि परक्यांचीच विशेषणे उसनी का घ्यावीत?

गाडीवाट, पाणंद, पाऊलवाट, बरड, खिंड, फुफाटा असे कितीतरी शब्द मराठीत वाटेसाठी आहेत, आणि सायकलस्वाराइतक्या जवळून वाट पाहण्याची संधी मोटारीतल्या माणसास नाही. त्याला ती हाडांतून कळते. तेव्हा त्याने क्रीटला अवश्य जावे, बालाघाटातही यावे. मात्र लिहावयास बसण्यापूर्वी त्या मुलीचा एक शब्दाचा प्रश्न स्वतःस विचारावा आणि त्याचे उत्तर वाचकास द्यावे. आमच्या टिपणवहीतील ते वाक्य आम्ही खोडलेले नाही. त्याच्याखाली त्या मुलीचे वाक्य लिहून ठेविले आहे, आणि दोहोंत वाङ्मय कोणते, याविषयी आता आम्हांस संशय राहिलेला नाही.