बॅकसचा पेला आणि अम्माऊसचे मेज

रोमन धर्मातील मद्यदेव बॅकस याचे मद्य आपल्या किनाऱ्याला अपरिचित नव्हते. कल्याण आणि सोपारा या बंदरांची नोंद करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात, भडोचला उतरणाऱ्या मद्यांत इटलीच्या मद्याला अधिक पसंती असल्याचे म्हटले आहे. या देवाचे भय खुद्द रोमलाही वाटले. इ. स. पूर्व १८६ मध्ये सिनेटने त्याच्या गुप्त उत्सवांवर कठोर निर्बंध घातले. पुढे त्याची उपासना लोपली; परंतु ख्रिस्ती युरोपच्या चित्रकलेत तो उरला.

इटालियन चित्रकार कॅराव्हाजिओ याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेला बॅकस आज फ्लॉरेन्स येथे आहे. द्राक्षपर्णांचा मुकुट ल्यालेला हा तरुण मंचकावर रेलून आपल्यापुढे पेला धरतो. समोरच्या पात्रातील फळे मात्र सडू लागली आहेत. याच चित्रकाराचे १६०१ मधील ‘अम्माऊस येथील भोजन’ लंडनमध्ये आहे. तेथेही मेजाच्या कडेशी फळांची परडी आहे आणि तिच्यातील फळांनाही डाग आहेत.

पहिले चित्र पापाचे, दुसरे पुण्याचे, असा सोपा निवाडा येथे अपुरा पडतो. सृष्टीचे दान दोन्हीकडे तेच आहे आणि ते नाशवंतही आहे. भेद आहे तो मेजाभोवतीच्या माणसांत. बॅकससमोर दुसरे कोणी नाही. पेला घेणारा एकटाच त्याच्यापाशी खिळून राहील. अम्माऊसला प्रभूचा हात भाकरीवर येताच एक शिष्य खुर्चीवरून उठू पाहतो. ते दोघे त्याच घटकेस यरुशलेमला, आपल्या बांधवांकडे परतले, असे संत लूक सांगतो.

मरोळ, गुंदवली, गोराई येथील आपल्या लग्नघरांत खिमडाचा पेला फिरतो, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. काना येथे प्रभूने स्वतः यजमानाची लाज राखली. परंतु त्या मेजावरून आपण कसे उठतो, हे महत्त्वाचे. मध्यरात्री दाराशी वाट पाहणाऱ्या आईला, पत्नीला आपण कोणत्या मेजावरून आलो, हे विचारावे लागत नाही. कॅराव्हाजिओची ही दोन चित्रे शेजारी ठेवली, की तिचा तो मूक प्रश्न आपल्याला ऐकू येऊ लागतो.