‘नारोष्ट्र’ गति आणि घोड्यास द्यावयाची संज्ञा

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील अश्वाध्यक्षाचें प्रकरण वाचकांच्या परिचयाचें आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें मूळ ग्रंथ छापल्यापासून त्यांतील घोड्यांच्या जाती, दाणावैरण व पागेची मापें यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु स्वारीच्या घोड्याच्या गति सांगतांना वल्गन, नीचैर्गत, लंघन व धोरण यांच्या पंक्तीस ‘नारोष्ट्र’ ही पांचवी गति बसविली आहे, तिजकडे द्यावें तितकें लक्ष दिलें गेलेलें नाहीं. संज्ञा मिळतांच घोड्यानें तिला उत्तर देणें, हें तिचें लक्षण. शामशास्त्री व प्रा. कंगले या दोघांच्या भाषांतरांचा रोख हाच आहे. आमच्या मतें ही इतर चारांसारखी चाल नव्हे. चालींवरील हुकमत होय.

ती संज्ञा कशी असावी याविषयीं अर्थशास्त्र मौन धरतें. प्रश्न क्षुल्लक नाहीं. दुडकीवरून तीन ठोक्यांच्या धांवेवर, म्हणजे इंग्रजींत जिला कँटर म्हणतात तीवर, घोडा घ्यावयाचा झाल्यास त्याचे पाय ठराविक क्रमानें पडतात. प्रथम बाहेरचा मागला. मग आंतला मागला व बाहेरचा पुढला जोडीनें. शेवटीं आंतला पुढला. नंतर क्षणभर चारही पाय अधांतरीं. म्हणून बाहेरचा मागला पाय टेंकण्याच्या सुमारास स्वारानें आंतला पाय तंगाजवळ व बाहेरचा किंचित् मागें लावून इशारा द्यावा लागतो. क्षण चुकला कीं घोडा भलत्या पायानें धांव घेतो व वळणावर त्याचा तोल ढळतो. ग्रीक ग्रंथकार झेनोफन यानें इ. स. पूर्व चौथ्या शतकांत हें मर्म ओळखलें होतें. डाव्या पायानें धांव हवी असल्यास दुडकींत उजवा पाय पडतांच इशारा करावा, कारण पुढें डावाच उचलला जावयाचा असतो, असें तो सांगतो.

आमच्याकडील ग्रंथांचा रोख निराळा दिसतो. बाराव्या शतकांतील हेमचंद्र धौरितकास मुंगूस, कंक, मोर व वराह यांच्या चालींची उपमा देतो. उपमा मार्मिक खरी; पण पायांचा क्रम तींतून निघत नाहीं. तेव्हां धौरितक म्हणजे ट्रॉट व वल्गित म्हणजे कँटर अशी जोडी लावून मोकळें होणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें. शुक्रनीतींत कोणत्या दोषास कोठें ताडन करावें हें सांगून भलत्या जागीं मारल्यास घोडा बिघडतो असा इशारा दिला आहे. विचार उत्तम, परंतु त्या ग्रंथाच्या काळाविषयीं वाद असल्यानें त्यावर इमारत उभारतां येत नाहीं. अधिक भक्कम आधार सोमेश्वराच्या मानसोल्लासाचा (शके १०५१). त्यांतील वाजिवाह्यालीविनोद हा भाग चाबूकस्वाराच्या शेजारीं बसूनच वाचला पाहिजे. नुसता कोश तेथें पुरा पडत नाहीं.

मांड, टाच, बाग, कावा हे मराठी शब्द त्या दृष्टीनें मोलाचे आहेत. समुद्रकांठीं घोड्याची उठाठेव कशाला, असें मालवणचा रहिवासी विचारील. १६६४ सालीं पाया घातलेला सिंधुदुर्ग गलबतांसाठीं होता, घोड्यांसाठीं नव्हे. खरें आहे. परंतु दख्खनच्या पागांतील अरबी घोडे समुद्रावरूनच आले. मालवणच्या दक्षिणेस गोव्याच्या बंदरीं उतरणारे घोडे आपल्याच हातीं यावे म्हणून विजयनगरानें १५४७ सालीं पोर्तुगीजांशीं तह केला होता. असा घोडा नव्या स्वाराच्या हातीं आला म्हणजे दोघांना एक भाषा शिकावीच लागे.

शालिहोत्राची पोथी दिसली कीं ती ‘वैद्यक’ म्हणून बांधून ठेवण्याचा प्रघात आहे. जयदत्त व नकुल यांचे ग्रंथही बिब्लिओथेका इंडिकेंत छापले गेले (१८८६-८७) ते अश्ववैद्यक या नांवानेंच. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, पोथींतील वाहनाचीं पानें औषधांच्या पानांइतकींच जपावीं आणि समासांतील मराठी टिपा गाळूं नयेत. चाबूकस्वार तर विरळ होत चालले. त्यांचे शब्द गेले, म्हणजे नारोष्ट्राचा अर्थ लावणारें साधनच नाहींसें होईल.