‘झेलोटीस’ वंशाचे वर्गीकरण व वितरण : एक चिकित्सा
नॅफोसिडी कुलातील ‘झेलोटीस’ हा भूचर कोळ्यांचा वंश गिस्टेल यांनी १८४८ मध्ये स्थापिला. मागील पायांवरील ताठ केसांची फणी ही त्याची ठळक खूण. परंतु ती ‘ड्रॅसिलस’ वंशातही आढळत असल्याने निर्णायक ठरत नाही. जातीनिश्चिती मुख्यतः नर-मादींच्या जननेंद्रियांच्या रचनेवरूनच होते. टिकादर यांच्या १९८२ च्या ‘फौना ऑफ इंडिया’ मालेतील खंडाने भारतीय अभ्यासाचा पाया घातला. हे ऋण मान्य करूनही एक मर्यादा नोंदवावी लागते. अनेक जाती एकाच लिंगाच्या नमुन्यांवरून वर्णिल्या गेल्या आहेत. परिणामी एकाच जातीचे नर व मादी भिन्न नावांनी नोंदले जाण्याचा संभव राहतो आणि जातीच्या प्रदेशनिष्ठतेविषयीचे निष्कर्ष डळमळीत होतात. मूळ नमुन्यांचे पुनर्परीक्षण होईपर्यंत अशा वितरणसूची तात्पुरत्या मानणेच इष्ट होय.